सरांची कॅमेरा बॅग : नुकसान ३,६०,०००, भरपाई १,७९,५५०

जानेवारी २०२५ मधला रविवार होता. सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला सरांचा फोन आला. "काका, गाडीची काच फोडली. बॅग गेली." एवढंच बोलून ते गप्प झाले. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. द्राक्षांच्या हंगामात निफाड रस्त्यावर दुसरा कुठला आवाज येणार!

मी पहिलं वाक्य बोललो ते असं : "सर, सीटवरची काच झाडू नका."

विमा कंपनीच्या क्लेमच्या टेबलावर मी तीस वर्षं काढली आहेत. निवृत्तीनंतर मीही पक्ष्यांचे फोटो काढू लागलो आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर सरांची ओळख झाली. हे प्रकरण मी त्यांच्या परवानगीने, नाव न देता लिहितो आहे. नाशिकमध्ये हौसेपोटी तीन-चार लाखांचं साहित्य घेऊन फिरणारी माणसं आता कमी नाहीत. त्यातल्या बहुतेकांची पॉलिसी मी पाहिली, तर ती सरांच्या पॉलिसीसारखीच असेल, अशी मला भीती वाटते.

सर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात. जानेवारी २०२२ मध्ये सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता हाती आला. त्यात थोडं कर्ज घालून त्यांनी फुलफ्रेम बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, आणि २००-६०० ची झूम लेन्स घेतली. जुनी बॉडी आणि एक वाइड लेन्स आधीपासून होतीच. पुढे २०२३ मध्ये नागपूरच्या एका ओळखीच्या छायाचित्रकाराकडून त्यांनी जुनी मॅक्रो लेन्स घेतली, फुलपाखरांसाठी. पैसे यूपीआयने दिले, बिल घेतलं नाही.

त्या रविवारी ते पहाटे साडेपाचला निघाले. नांदूर मध्यमेश्वर म्हणजे गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं पाणथळ. २०२० मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, महाराष्ट्रातलं ते पहिलं रामसर स्थळ. हिवाळ्यात तिथे चक्रवाक येतात आणि जांभळ्या पाणकोंबड्या तर अगदी हाताच्या अंतरावर दिसतात. दहाच्या सुमाराला आटपून सर परत निघाले आणि चांदोरीच्या अलीकडे मिसळ खायला थांबले. मागे द्राक्षबाग, पुढे मोकळी जागा, तिथे गाडी लावली. बॅग ड्रायव्हरच्या सीटमागे खाली, पायाच्या जागेत होती आणि वर शाल टाकली होती. गाडी लॉक, काचा वर. अर्ध्या तासाने आले तर मागच्या दाराची काच सीटभर पसरलेली. दाराची काच फुटली की तिचे टोकदार तुकडे होत नाहीत, खडीसाखरेसारखे खडे होतात. त्या खड्यांवर शाल पडली होती आणि बॅगेचं पावसाळी कव्हर तेवढं मागे राहिलं होतं.

काच का झाडायची नाही, ते सांगतो. विम्याच्या भाषेत नुसती चोरी आणि बळ वापरून केलेली चोरी यांत फरक आहे. घरफोडीच्या पॉलिसीत बळाचा वापर ही अट असेल, तर ती पुरी व्हावीच लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात स्पष्ट केलं. सरांच्या पॉलिसीत गाडीतल्या चोरीची अट अशी होती : गाडी बंद टपाची हवी, सगळी दारं लॉक हवीत, सगळ्या काचा बंद हव्यात. काच बंद होती याचा पुरावा काय? तीच फुटलेली काच. सरांनी मोबाइलवर फोटो काढले. दाराच्या चौकटीत वरपर्यंत अडकून राहिलेली काचेची किनार त्यांत स्पष्ट दिसत होती. पुढे सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला नेमलेल्या माणसाने, हाच फोटो दोनदा मोठा करून पाहिला.

पोलीस ठाण्यात मी सोबत गेलो. तिथल्या हवालदारांनी आधी विचारलं, "गहाळची नोंद करायची का? लगेच मिळेल." त्यांचा हेतू वाईट नव्हता, बहुतेक लोकांना तेवढ्याच कागदाची गरज असते. पण आपल्या प्रकरणात 'गहाळ' हा शब्द दावा संपवतो. गहाळ म्हणजे वस्तू हरवली, कुठे ते माहीत नाही. विमा होता चोरीचा. आम्ही शांतपणे सांगितलं, की काच फुटलेली आहे, गाडी बाहेर उभी आहे, पंचनामा करा आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली चोरीचा गुन्हा नोंदवा. हद्दीचाही प्रश्न निघाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, फिर्याद नोंदवून घ्यायची तरतूद आहे आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. सुदैवाने हद्द तिथलीच निघाली.

मग फिर्याद लिहिताना खरी अडचण आली. पहिल्या मसुद्यात होतं, 'एक काळ्या रंगाचा कॅमेरा व मोठी लेन्स, जुने वापरते.' मी म्हणालो, सीरियल नंबर घालूया. सरांना नंबर पाठ नव्हते, कुणालाच नसतात. त्यांनी घरी फोन लावला. मॅडम स्टूल घेऊन माळ्यावर चढल्या. दोन खोकी खाली काढली, धूळ पुसली आणि स्टिकरचे फोटो पाठवले. खोकी टाकली नव्हती म्हणून नंबर एफआयआरमध्ये गेले आणि पॉलिसीच्या यादीतल्या नंबरांशी तंतोतंत जुळले. खोकं नसेल, तर जुन्या फोटोंच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोच्या फाइलमधल्या नोंदीत, बऱ्याच कॅमेऱ्यांचा बॉडी नंबर सापडतो. पण ठाण्याच्या बाकावर बसून तो शोधत राहणं हा त्रासच.

त्याच दिवशी दुपारी विमा कंपनीला टोल फ्री नंबरवर आणि ईमेलने कळवलं. काचेचा खर्च गाडीच्या विम्यातून वेगळा निघाला, पण गाडीच्या विम्यात बॅगेतल्या वस्तू येत नाहीत.

पॉलिसीत काय होतं

सरांचा पहिला समज असा होता, की गृहकर्जाबरोबर घेतलेल्या 'भारत गृह रक्षा'मध्ये कॅमेरा येतोच. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्या ही पॉलिसी देतात. घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत घरातलं सामान त्यात आपोआप धरलं जातं. पॉलिसी चांगली आहे, पण ती आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. तिच्यात चोरी येते ती अशा एखाद्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली. आणि सामान घरातलं. चांदोरीजवळ उभ्या गाडीतलं नव्हे.

उपयोगी पडली ती दुसरी पॉलिसी. एजंटने घरगुती पॅकेजला जोडून दिलेला 'ऑल रिस्क' विभाग. नाव मोठं आहे, पण 'ऑल' म्हणजे सगळं नव्हे. यात घराबाहेरची चोरी आणि अपघात येतो. झीज, आतला यांत्रिक किंवा इलेक्ट्रिक बिघाड आणि बुरशी येत नाही. नाशिकच्या पावसाळ्यात लेन्सला फंगस लागला तर ते नुकसान आपलंच. आणि छायाचित्रकाराने डोळ्यांत तेल घालून वाचावं असं आणखी एक कलम आहे : लेन्स किंवा काच तडकणं, फुटणं, ओरखडणं हे फक्त वाहनाला झालेल्या अपघातातून असेल तरच मान्य. म्हणजे त्या सकाळी निरीक्षण मनोऱ्यावरून लेन्स हातातून सुटून खाली पडली असती, तर सरांना काहीही मिळालं नसतं. मनोऱ्यावर आम्ही सगळे गळ्यात पट्टा अडकवून निर्धास्त उभे असतो, म्हणून हे मुद्दाम लिहितो आहे.

यादीत चार वस्तू होत्या : बॉडी, झूम, जुनी बॉडी, वाइड लेन्स. चौघींची मिळून एकच विमा रक्कम, २,४०,०००. सरांनीच ती कमी ठेवायला सांगितली होती, त्यामुळे वर्षाचा हप्ता बारा-चौदाशे रुपयांनी कमी झाला होता. "सगळं एकदम थोडंच चोरीला जाणार आहे?" हा त्यांचा तेव्हाचा युक्तिवाद. ऐकायला पटण्यासारखा आहे आणि मी तो शेकडो लोकांच्या तोंडून ऐकला आहे.

मॅक्रो लेन्स यादीत नव्हती. बॅगेत होती, गेली, तिचे शून्य रुपये. एजंटला एक पत्र आणि थोडा जादा हप्ता, एवढ्यावर एंडॉर्समेंट, म्हणजे चालू पॉलिसीत बदलाची नोंद, होऊन ती मध्येच यादीत आली असती. जुनी घेतलेली वस्तू असेल, तर विकणाऱ्याची सही असलेली, सीरियल नंबर लिहिलेली साधी चिठ्ठी आणि पैसे दिल्याची नोंद हाताशी ठेवावी. सरांकडे यूपीआयची नोंद होती, पण यादीतच नसलेल्या वस्तूचा पुरावा कुणाला दाखवणार?

छंद की धंदा

तीन आठवड्यांनी कंपनीचा ईमेल आला. सरांच्या इन्स्टाग्राम पानावर 'बुकिंगसाठी मेसेज करा' असं लिहिलं आहे, तरी उपकरणांचा वापर व्यावसायिक आहे का, याचा खुलासा करावा. पॉलिसी वैयक्तिक वापराची होती.

सर घाबरले. ती ओळ भाच्याने पान उघडून देताना टाकली होती. पण डिसेंबर २०२३ मध्ये एका सहकाऱ्याच्या मुलीच्या साखरपुड्याचे फोटो त्यांनी काढले होते आणि निघताना हातात पाकीट ठेवलं गेलं होतं, ११,००० चं. "काका, हे सांगितलं तर क्लेम जाईल. आणि कुणाला माहीत आहे?"

मी त्यांना सांगितलं, की माहीत कुणाला आहे हा प्रश्नच नाही. दावा परस्पर विश्वासावर उभा असतो आणि खुलाशात खोटं लिहिलं, तर मग खरी चोरीसुद्धा खोटी दिसू लागते. त्यांना रात्रभर झोप लागली नाही, हे मॅडमनी मला नंतर सांगितलं. सकाळी त्यांनी स्वतःच पत्र लिहिलं. मी एक शब्दही बदलला नाही. त्यात साखरपुडा होता, पाकिटाची रक्कम होती आणि हेही होतं, की त्याआधी किंवा नंतर कधी पैसे घेतलेले नाहीत.

पत्रासोबत त्या दिवसाचे पुरावे जोडले. अभयारण्याच्या प्रवेशाची पावती. ई-बर्डवर सकाळी भरलेली पक्ष्यांची यादी, तिच्यात सुरू केल्याची वेळ आणि जागा आपोआप नोंदलेली असते. आणि कॅमेऱ्यातून वायफायने मोबाइलवर घेतलेला एकच फोटो : सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी पाणवनस्पतींतून पाय उचलून चाललेली जांभळी पाणकोंबडी. मेमरी कार्ड कॅमेऱ्याबरोबरच गेलं होतं. त्या सकाळचं सरांकडे उरलेलं चित्र हे एवढंच आणि तेच पुरावा म्हणून कामाला आलं. चोरी झाली तेव्हा कॅमेरा कुठल्याही कामगिरीवर नव्हता, हे त्यातून दिसलं आणि कंपनीने तो मुद्दा सोडला. प्रत्येक वेळी सोडतीलच असं नाही. पान पाहणारा अधिकारी दुसरा असता आणि वर्षात पाच साखरपुडे असते, तर मीही दाव्याच्या बाजूने बोलू शकलो नसतो.

हिशोब

सर्व्हेअरने त्या दिवशीचा नव्या वस्तूचा भाव घेतला आणि वर्षाला १० टक्के घसारा धरला. वस्तू तीन वर्षांच्या, म्हणून ३० टक्के. बॉडीचा नवा भाव २,००,०००, तिचं मूल्य १,४०,०००. झूम १,६०,०००, तिचं १,१२,०००. चोरीला गेलेल्या दोन वस्तूंचं मूल्य २,५२,०००. सरांना वाटलं, विमा २,४०,००० चा आहे, म्हणजे निदान तेवढे मिळतील.

इथे ॲव्हरेज क्लॉज लागला. घरी राहिलेली जुनी बॉडी ३८,००० ची आणि वाइड लेन्स ३०,००० ची धरली गेली. म्हणजे यादीतल्या चार वस्तूंचं एकूण मूल्य ३,२०,००० आणि विमा २,४०,००० चा. साहित्याच्या तीन चतुर्थांशाचाच विमा उतरवलेला होता, म्हणून नुकसानही तीन चतुर्थांशच भरून मिळणार. उरलेल्या चतुर्थांशाची विमा कंपनी म्हणजे सर स्वतः. २,५२,००० चे ७५ टक्के म्हणजे १,८९,०००. त्यातून दाव्याच्या ५ टक्के एक्सेस, म्हणजे आपण सोसायचा वाटा, ९,४५०. हातात १,७९,५५०.

तेच साहित्य दुकानातून नवं घ्यायला ३,६०,००० लागत होते. भरपाई त्याच्या निम्म्याच्याही किंचित आत.

सर भांडायला तयार झाले. त्यांचा मुद्दा असा, की लेन्स ही काच आणि धातू आहे, बॉडीसारखी दर दोन वर्षांनी ती जुनी होत नाही. जुन्या बाजारात तीच झूम नव्याच्या भावापेक्षा फक्त १५ टक्क्यांनी कमी किमतीला विकली जाते, मग ३० टक्के घसारा कसा? मुद्दा खरा होता. मलाही पटला. मी कागद-पेन्सिल घेतली.

झूमला १५ टक्के घसारा धरला तर तिचं मूल्य १,३६,००० होतं, २४,००० नी जास्त. पण मग यादीचं एकूण मूल्यही ३,४४,००० होतं. विमा तोच, २,४०,०००. प्रमाण ७५ वरून ७० टक्क्यांखाली येतं. चोरीच्या वस्तू २,७६,००० च्या, त्यांचे प्रमाणात १,९२,५५८. एक्सेस वजा जाता १,८२,९३०. म्हणजे २४,००० चा वाद जिंकला, तरी हातात जादा येणार ते ३,३८० रुपये. आणि तोच न्याय वाइड लेन्सला लावला, तर तेवढेही नाहीत.

सर भौतिकशास्त्राचे. त्यांनी गणित माझ्या हातातून घेतलं, पुन्हा मांडलं आणि बराच वेळ त्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे आपण भांडतोय तिथे नुकसान झालेलंच नाही. ते पॉलिसी घेताना झालं." ॲव्हरेजने कापलेले ६३,००० हे तीन वर्षं वाचवलेल्या साधारण चार हजारांच्या हप्त्याचं मोल होतं.

वाद योग्य असता, तर मार्ग होते. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार, तिला महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. नाशिक जिल्ह्यासाठी लोकपालांचं कार्यालय पुण्यात आहे. फी नाही, वकील लागत नाही, कंपनीच्या अंतिम नकारापासून वर्षभरात जावं लागतं आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. घसाऱ्याच्या मुद्द्यावर तिथे जायला मी कुणालाही सांगेन, पण विमा रक्कम पुरेशी असेल तर.

पैसे मिळायला सात महिने लागले. मुख्य अडकाठी पोलिसांच्या अंतिम अहवालाची. चोरी खरी, पण चोर सापडला नाही, अशा तपासाला महाराष्ट्रात 'ए समरी' म्हणतात. ती न्यायालयातून मंजूर होऊन येईपर्यंत कंपनी थांबते. शेवटी स्टॅम्प पेपरवर हमीपत्र दिलं, की कॅमेरा पुढे सापडला तर त्यावर हक्क कंपनीचा. त्या कागदावर सही करताना सर थोडे थांबले. सापडला तरी आता तो आपला नाही, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा जाणवलं असावं.

मिळालेल्या पैशांत त्यांनी वापरलेली झूम घेतली, बिलासह, आणि जुन्या बॉडीवरच ती लावली. नवी पॉलिसी घेताना आम्ही दोघं एजंटसमोर बसलो. आता प्रत्येक वस्तूची विमा रक्कम स्वतंत्र आहे, म्हणजे एकीच्या कमीपणाचा फटका दुसरीला बसत नाही. प्रत्येक रकमेचा आकडा जुन्या बिलावरचा नाही, आजच्या भावाचा आहे. दर जानेवारीत तो तपासायचा, असं त्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. लेन्स हातातून पडली तर काय, हे ईमेलने विचारलं. उत्तर स्पष्ट आलं, नाही. म्हणून दुसऱ्या कंपनीकडून अपघाती नुकसानाचं वेगळं संरक्षण घेतलं. त्यात पाण्याने होणारं नुकसान आहे का, हेही आधी विचारलं, कारण सरांना रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीचे, म्हणजे रंगीत पाण्याने भरलेल्या हौदाचे, फोटो काढायचे असतात आणि तिथे रहाडीत धप्पा, म्हणजे उडी, मारणाऱ्यामुळे उसळलेलं रंगीत पाणी कुणाला सोडत नाही.

इन्स्टाग्रामवरची ती ओळ काढली आहे. पण २०२७ च्या सिंहस्थात रामकुंडावरचे फोटो एका नियतकालिकाला मानधनावर द्यावेत, असं त्यांच्या मनात आहे. हे वैयक्तिक वापरात बसतं की नाही, हे मी सांगितलेलं चालणार नाही, कंपनीने लेखी सांगायला हवं. सरांनी पत्र पाठवलं आहे, उत्तर अजून यायचं आहे.